सांगली-साताऱ्याहून मुंबईच्या क्रूझला: ‘एम्प्रेस’ जहाज, खोली, खर्च आणि वाट

सांगलीहून पणजी रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई पावणेचारशे. म्हणजे ‘मुंबई–गोवा–मुंबई’ क्रूझ घेणारा सांगलीकर गोव्याकडे पाठ करून निघतो आणि गोव्यापेक्षा लांबचा रस्ता तोडून जहाजापर्यंत पोचतो. सातारकराला मुंबई अडीचशे किलोमीटर, तेवढं बरं. पण गोवा दोघांनाही मिळतो तो काही तासांचाच. जहाज मुरगाव बंदरात लागतं, वास्कोला. तिथून पणजी तीस किलोमीटर आणि कळंगुट-बागा त्याच्याही पुढे. उतरण्याची रांग, टॅक्सी आणि वेळेआधी परतण्याची धास्ती यांत निम्मा वेळ जातो. त्यामुळे गोवा बघायचा म्हणून क्रूझ घेऊ नये. जहाजावर राहायचं म्हणून घ्यावी. हे एकदा पक्कं झालं की कुठली फेरी, कुठली खोली, किती दिवस ही पुढची गणितं सोपी होतात.

कॉर्डेलिया क्रूझेस कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१पासून मुंबईहून फेऱ्या करतं. ते १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नझेरच्या गोदीत रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी बांधलं गेलं. तेव्हा नाव होतं ‘नॉर्डिक एम्प्रेस’. लांबी २११ मीटर, आकारमान ४८,५६३ ग्रॉस टन. हा ‘टन’ वजनाचा नाही, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. तुलनेसाठी, २०२४च्या जानेवारीत प्रवासी घेऊ लागलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ याच मापाने सुमारे पाचपट मोठं आहे. मोबाइलवर क्रूझचे जे व्हिडिओ फिरतात, पाण्याच्या उंच घसरगुंड्या आणि जहाजातच बाग असलेले, ते बहुतेक तसल्या अवाढव्य जहाजांचे असतात. ते बघून तिकीट काढलं तर निराशा ठरलेली.

एम्प्रेस मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी बांधलेलं जहाज आहे. म्हणून खोल्या लहान, कपाटं अरुंद, बाल्कनीच्या खोल्या मोजक्या. आणि त्या मानाने डेक, सभागृह, जेवणाची दालनं प्रशस्त. माणसाने खोलीत फक्त झोपावं आणि बाकी वेळ बाहेर काढावा, या हिशोबाची ही बांधणी आहे. ती तशी वापरली तर जहाज उत्तम वाटतं. दोन मोठ्या सूटकेस आणि चार माणसं एका खोलीत कोंबली तर तेच जहाज अडचणीचं होतं.

फेरी निवडताना दिवस नीट मोजावेत. दोन रात्रींच्या फेरीत पहिल्या दिवशी दुपारी चढायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. पूर्ण दिवस एकच, आणि तो गोव्यात गेला तर ज्या जहाजासाठी एवढे पैसे मोजले ते फक्त संध्याकाळी आणि रात्री वाट्याला येतं. इतक्या लांबून येणाऱ्यांनी किमान एक संपूर्ण दिवस समुद्रात असलेली फेरी घ्यावी. मुंबईत चढून गोव्यात उतरायची एकेरी फेरी वेळापत्रकात दिसली, तर सांगली-मिरजकरांनी तिचा विचार आधी करावा. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस लोंढा-बेळगावमार्गे मिरजेला येते आणि पुढे साताऱ्यावरून पुण्याला जाते, त्यामुळे मुंबईचा परतीचा हेलपाटा वाचतो.

लक्षद्वीपची फेरी मात्र खरोखर घेण्याजोगी आहे, कारण तिथे रस्ता जातच नाही. मुंबई ते तिथलं अगत्ती बेट पाचशे सागरी मैलांच्या आसपास. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ताशी सोळा-सतरा सागरी मैलांच्या वेगाने तीस तास लागतात, म्हणजे जाताना-येताना समुद्रातला पूर्ण दिवस आपोआप मिळतो. प्रवाळाच्या कठड्यामुळे मोठं जहाज बेटाला लागू शकत नाही. ते बाहेर थांबतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. जहाज स्थिर दिसतं, पण शेजारची बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. पाय टाकायचा तो बोट वर आली की, आणि बोटवाला सांगेल तेव्हाच. दोन्ही हात मोकळे, पिशवी पाठीवर, पायात मागे पट्टा असलेली सँडल. गुडघे दुखणाऱ्यांनी हा एक क्षण डोळ्यांपुढे आणून मगच ही फेरी ठरवावी. समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरणं रद्द होतं, आणि तो अधिकार कप्तानाचा असतो. तिकिटाच्या अटींतच तसं लिहिलेलं असतं. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो. तो क्रूझ कंपनी काढून देते की स्वतः काढायचा, आणि त्यासाठी कागदपत्रं किती दिवस आधी द्यायची, हे बुकिंगच्या वेळीच लेखी विचारून घ्यावं.

आता खोली. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे याचा निकाल इथेच लागतो. मुख्य प्रकार तीन: आतली म्हणजे बिनखिडकीची, खिडकीवाली आणि बाल्कनीवाली. प्रकारापेक्षा खोली जहाजात कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि बुकिंगच्या वेळी नेमकं हेच कुणी विचारत नाही. जहाज पुढून-मागून हेलकावतं ते सी-सॉसारखं. टोकांना हालचाल सर्वांत जास्त, मध्यावर सर्वांत कमी. डावी-उजवीकडे डोलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात, खालचे कमी. म्हणजे ज्याला मळमळ होते त्याची जागा मध्यावर आणि खालच्या मजल्यावर, आणि योगायोगाने तिथल्या खोल्या बहुधा स्वस्तही असतात. अगदी पुढच्या टोकाला बंदरात शिरताना पहाटे नांगराच्या साखळीचा आणि जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांचा धडधडाट होतो. अगदी मागे इंजिनाची आणि पंख्याची थरथर रात्रभर जाणवते.

कंपनीच्या संकेतस्थळावर मजल्यांचे नकाशे असतात. आपला खोली क्रमांक घेऊन त्याच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते पाहायचं. वर बुफे असेल तर सकाळी सहापासून खुर्च्या ओढल्याचा आवाज, वर तरणतलाव असेल तर दिवसभर धावपळ, खाली नाचगाण्याचं दालन असेल तर मध्यरात्रीनंतरही ढोल. वरही खोल्या आणि खालीही खोल्या, अशी मधली जागा सर्वांत शांत. शेजारच्या खोलीशी जोडणारं दार असलेली खोली एकाच कुटुंबाला सोयीची, इतरांनी टाळावी. त्या दारातून पलीकडचं सगळं ऐकू येतं. ‘क्रमांक नंतर कळवू’ अशा अटीवर थोडी स्वस्त खोली देऊ केली जाते. झोप हलकी असलेल्यांनी आणि घरात म्हातारी माणसं असलेल्यांनी त्या सवलतीला भुलू नये. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा पलंग बऱ्याचदा भिंतीतून खाली येणारा असतो, त्यावर शिडीने चढावं लागतं. आजी-आजोबांना तो उपयोगाचा नाही, हे लक्षात घेऊनच माणसं विभागावीत.

भिंती पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हूक पक्के बसतात. असे चार-सहा हूक नेले की ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या टांगता येतात आणि खोली मोकळी होते. न्हाणीघराच्या दाराला उंबरा असतो, रात्री त्याला ठेच लागते. आतल्या खोलीत दिवा मालवल्यावर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही असा अंधार होतो, म्हणून छोटा बॅटरीचा दिवा जवळ ठेवावा. शौचालय हवेच्या दाबावर चालतं. त्यात कागदाखेरीज काहीही, ओला रुमाल किंवा डायपरसुद्धा, टाकलं तर नळी तुंबते आणि एकाच नळीवरच्या शेजारच्या खोल्यांचंही काम अडतं.

मळमळीबद्दल थोडं सविस्तर. बामणोली-तापोळ्याला शिवसागरात बोटीने फिरलेल्यांना वाटतं, आपल्याला बोट लागत नाही. ती परीक्षा इथे चालत नाही. साधारण पाच सेकंदांना एक असा संथ हेलकावा माणसाला सर्वांत जास्त लागतो, आणि मोठं जहाज जवळपास त्याच लयीत हलतं. त्यापेक्षा घाट ही बरी खूण आहे. खंबाटकीत किंवा आंबेनळीत ज्याला खिडकी उघडावी लागते, त्याने तयारीने जावं. ॲव्होमिनची गोळी मळमळ सुरू झाल्यावर फारशी कामाची नसते. ती जहाज सुटण्याच्या एक-दोन तास आधी किंवा आदल्या रात्री घ्यायची असते. तिने झोप येते. दारूबरोबर ती घेऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी घरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्रास सुरू झालाच तर खोलीत पडून मोबाइल बघणं सर्वांत वाईट. मधल्या डेकवर मोकळ्या हवेत यायचं, नजर क्षितिजावर ठेवायची, पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंबही भरायचं नाही. आल्याच्या वड्या जवळ असाव्यात. महिन्यांत बोलायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा अरबी समुद्राचा शांत काळ. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरून सफर करायला जाऊच नये. अडचण एवढीच की हाच शांत काळ आपल्याकडे ऊसतोडीचा आणि द्राक्षांचा. तासगाव-पलूसच्या बागायतदाराला जानेवारीत घर सोडणं जमत नाही. त्याने नोव्हेंबरच्या उत्तरार्धाकडे बघावं.

खर्चाबाबत जाहिरातीतला आकडा विसरायचा. तो एका माणसाचा, एका खोलीत दोघं धरून, आणि बहुधा आतल्या खोलीचा असतो. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि दर माणशी दर रात्रीचं सेवाशुल्क चढतं. एकटा माणूस गेला तर खोलीचं जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागतं. तिसऱ्या-चौथ्याला सवलत मिळते, पण बंदर शुल्क त्यालाही पूर्ण असतं. एजंटाकडून ‘सगळं धरून’ असा एकच आकडा लेखी घ्यावा आणि त्याखाली रद्द करण्याचे टप्पे लिहून घ्यावेत. निघण्याची तारीख जवळ आली की परतावा शून्य होतो. भिशीचा गट किंवा निवृत्त शिक्षकांचा गट जाताना हा कागद फार महत्त्वाचा, कारण वीस जणांत एखाद्याचं ऐनवेळी रद्द होतंच, आणि मग गटप्रमुखाला पदरमोड करावी लागते.

जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्ड हीच किल्ली, हेच ओळखपत्र आणि हेच पाकीट. जेवणाची मुख्य दालनं, तरणतलाव, व्यायामशाळा आणि बरेचसे कार्यक्रम भाड्यात येतात. दारू, शीतपेयं, खास उपाहारगृहं, स्पा, वायफाय, काढून दिलेले फोटो, किनाऱ्यावरच्या सहली यांचं बिल वेगळं. खोलीत ठेवलेली पाण्याची बाटली उघडण्याआधी तिच्यावरची चिठ्ठी वाचावी. बुफेतलं पाणी फुकट असतं, रिकामी बाटली नेऊन तिथेच भरायची. मुलांचं कार्ड खर्चासाठी बंद करून घेता येतं, ते पहिल्याच दिवशी करावं. बिल उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी तपासावं, कारण शेवटच्या सकाळी त्या खिडकीपुढे लांब रांग असते.

मुंबईपर्यंतच्या प्रवासात सर्वांत जास्त चुका होतात. जहाज बसस्टँडवरच्या एसटीसारखं ‘आलोच, दोन मिनिटं’ म्हणून थांबत नाही. चेक-इन जहाज सुटण्याच्या दीड-दोन तास आधी बंद होतं. त्याच दिवशी सकाळी सांगलीहून गाडीने निघणं म्हणजे पुण्याची कोंडी आणि बोरघाट यांच्या भरवशावर सगळे पैसे लावणं. सर्वांत खात्रीचा मार्ग महालक्ष्मी एक्स्प्रेसचा. रात्री मिरज-सांगलीला किंवा मध्यरात्रीच्या सुमारास साताऱ्याला बसायचं आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं. तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने जेमतेम दोन किलोमीटर. गाडी तास-दीड तास उशिरा आली तरी दुपारच्या वेळेला धक्का लागत नाही. सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे आहे, रात्री तिथवर जाणारी रिक्षा आधी ठरवून ठेवावी. भाड्याच्या गाडीनेच जायचं तर द्रुतगती मार्गावरून पुढे अटल सेतू धरावा. जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेला हा सेतू शिवडीला उतरतो आणि तिथून पूर्व मुक्त मार्गाने पी. डिमेलो रोडवर, म्हणजे बंदराच्या दारातच येतो. स्वतःची गाडी दोन-तीन दिवस बॅलार्ड इस्टेटमध्ये लावून ठेवायचा विचार करू नये.

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतल्या जातात आणि खोलीपर्यंत यायला काही तास लागतात. म्हणून औषधं, ओळखपत्रं, चार्जर, पोहण्याचे कपडे, लहानग्यांचं दूध हे सगळं हातातल्या पिशवीत. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात. इस्त्री, किटली, शेगडी आणि बाहेरची दारू तपासणीत काढून घेतात. विजेची जोडपट्टीही (एक्स्टेंशन बोर्ड) बहुधा चालत नाही. घरचा शिजवलेला डबा नेऊ देत नाहीत. भडंग, कंदी पेढे न्यायचेच असतील तर दुकानातलं बंद पाकीट न्यावं, तेही कंपनीला आधी विचारून. २४ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतींना बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत, आणि अगदी लहान बाळांनाही वयाची अट असते.

चढल्यावर पहिलं काम म्हणजे सुरक्षा सराव. तो टाळण्यासाठी कुणी न्हाणीघरात लपून बसतं, हे फार चुकीचं आहे. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. नुकत्याच चढलेल्या प्रवाशांचा सराव तेव्हा झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला, आणि सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घेणं बंधनकारक झालं. इशारा असतो सात छोटे भोंगे आणि एक लांब. आपलं जमण्याचं ठिकाण खोलीच्या दारामागे किंवा कार्डावर लिहिलेलं असतं. तिथे लिफ्टने नाही, जिन्याने जायचं. आणि घरातल्या प्रत्येकाने तो रस्ता एकदा पायाने चालून पाहायचा.

जेवण भरपूर आणि शाकाहारींची आबाळ अजिबात होत नाही. जैन जेवणही मिळतं, बुकिंगच्या वेळी सांगून ठेवावं. आपल्याकडचा झणझणीतपणा मात्र नसतो. हजार-दीड हजार माणसांच्या जिभेला चालेल असं ते मवाळ शिजवलेलं असतं. गर्दी टाळायची तर बुफेत दालन उघडताच किंवा शेवटच्या अर्ध्या तासात जावं. पोटाच्या साथी जहाजावर झपाट्याने पसरतात, आणि त्यातला नोरोव्हायरस हाताला लावायच्या सॅनिटायझरला पुरेशी दाद देत नाही. प्रत्येक जेवणाआधी साबणाने वीस सेकंद हात धुवावेत.

मोबाइल जहाज सुटताच ‘फ्लाइट मोड’वर. किनारा दूर गेला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपसूक जोडला जातो आणि त्याचं बिल अंगावर येतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवावं की दोन दिवस फोन लागणार नाही.

गोव्यात उतरलात तर लांब जाऊ नका. बोगमाळोचा किनारा वास्कोच्या बाजूलाच आहे. फार तर जुनं गोवं, नाहीतर फोंड्याकडे मंगेशीचं दर्शन, आणि परत. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाची. त्याच्या आधी दीड तास वास्कोत पोचलेलं असावं. मागे राहिलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही आणि पुढचा खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो.

करमणुकीचे कार्यक्रम ठीक. कर्मचाऱ्यांची सेवा आणि खोलीची रोजची साफसफाई मात्र पैकीच्या पैकी गुण देण्यासारखी. आणि पहाटे साडेपाचला सर्वांत वरचा मोकळा डेक, चारही बाजूंना फक्त पाणी आणि हातात चहा. एवढ्याचसाठी समुद्रातल्या त्या एका पूर्ण दिवसाचा आग्रह धरावा.

मुंबईत जहाज सकाळी लागतं. कोयना एक्स्प्रेस तोपर्यंत निघून जाते, महालक्ष्मी रात्रीची. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून दिवस काढावा लागतो. कित्येकांना उतरल्यावरही दिवसभर जमीन हलल्यासारखी वाटते. कानातला तोल सांभाळणारा भाग अजून जहाजावरच असतो, एक-दोन दिवसांत ते आपोआप जातं. तेवढा वेळ गाडी दुसऱ्याच्या हातात द्यावी. मुंबईहून येताना खंबाटकीचा घाट वाटेत लागतो.